किनाऱ्यानं चढत चढत

कोकणच्या किनाऱ्यानं सायकलवर जायचं म्हटलं की माणूस आधी नकाशा उघडतो, आणि नकाशा त्याला गोड बोलून फसवतो. रेवसपासून रेड्डीपर्यंत एक नाजूक रेघ, उजव्या हाताला निळं, डाव्या हाताला हिरवं. बॅरिस्टर अंतुले 1980 साली मुख्यमंत्री झाले, त्यांच्या डोक्यातला हा सागरी महामार्ग. रेघ बघून वाटतं, समुद्राच्या कडेकडेनं वारा खात जायचं, भूक लागली की मासे, दमलो की शहाळं. आमच्या ग्रुपच्या म्होरक्यानं तर 'रोजचे सत्तर-ऐंशी किलोमीटर म्हणजे किरकोळ' असं जाहीरच करून टाकलं होतं. त्याचं वय तीस. गुडघे मूळचेच.

आता खरी परिस्थिती सांगतो. कोकणात गाव खाली असतं आणि रस्ता वर असतो. मधे असतो जांभ्याचा सडा. वरून टेबलासारखा सपाट, सावलीला एक झुडूप नाही, आणि कडेला पोचलात की रस्ता एकदम खाली खाडीत उडी मारतो. खाडी ओलांडली की समोर पुढचा सडा उभाच. गुहागर सोडलं की चढ, मग पालशेतला उतार. पुन्हा चढ, वेळणेश्वरला उतार. पुन्हा चढ, हेदवीला उतार. पुन्हा चढ, आणि तवसाळला थेट पाण्यात. कमावलेली प्रत्येक चढण पगाराच्या पैशांसारखी पाच मिनिटांत संपते आणि पुढच्या महिन्याचं काय, हा प्रश्न राहतो. घाटात निदान एकदा चढून गेलं की सुटलो असं असतं. इथे शे-दीडशे मीटर चढायचे, ते सगळे उधळायचे आणि पुन्हा शून्यावर यायचं. अक्षरशः शून्यावर, कारण खाली भरतीचं पाणी असतं.

परशुरामानं बाण मारून समुद्र मागे हटवला आणि ही भूमी वर काढली, असं आपण लहानपणापासून ऐकतो. माझी तक्रार एवढीच आहे की एवढं सगळं केलंत, तर लगेहाथ रोलरही फिरवून घ्यायचा होता. दापोलीजवळ बुरोंडीला त्यांचा भलामोठा पुतळा आहे, तोही अर्थातच टेकाडावर. पृथ्वीच्या अर्ध्या गोलावर ते उभे आहेत. मी धापा टाकत पोचलो, नमस्कार केला आणि नीट बघितलं. त्यांच्या पायाखालची पृथ्वी मात्र चांगली गुळगुळीत केलेली आहे.

आणि समुद्र? किनाऱ्यानं जाणाऱ्या सायकलवाल्याला समुद्र दिसत नाही. चढताना मान खाली असते, त्यामुळे पुढचं चाक दिसतं, त्याच्याखाली सरपटणारं डांबर दिसतं, आणि नाकावरून हँडलवर पडणारा घाम दिसतो. मुंग्या ओव्हरटेक करून जाताना दिसतात. सडा पार झाला, वळण घेतलं की झावळ्यांच्या वर ते निळंभोर एकदम समोर येतं खरं, पण तेव्हा उतार लागलेला असतो. दोन्ही ब्रेक दाबलेले, मागचं ब्रेकपॅड किंचाळतंय, वळणावर खडी पसरलेली, समोरून वाळूचा डंपर. त्या क्षणी 'वा, काय देखावा' म्हणणारा माणूस पुढच्या वळणावर आंब्याच्या बागेत सापडतो, कलमासकट. हा निसर्गरम्य मार्ग आहे यात शंकाच नाही. फक्त तो गाडीत मागच्या सीटवर बसलेल्यांसाठी आहे.

कोकणी माणसाला चढ दिसत नाही, हा दुसरा ताप. पुण्याकडचा माणूस पुलाच्या चढालाही 'घाट' म्हणतो. इथे डोंगर समोर छातीवर उभा असताना पारावरचे काका शांतपणे सांगतात, "चढ? छे हो. रस्ता सरळ आहे. एवढी एक घाटी सोडलीत की झालं." ही 'एवढी एक' घाटी संपली की दुकानातल्या वहिनी सांगतात, "आता नाही चढ. तेवढा देवळापुढचा सोडला तर." देवळापुढे भेटलेला शाळकरी पोरगा मात्र खरं बोलला. त्यानं सायकलकडे पाहिलं, माझ्या पोटाकडे पाहिलं आणि म्हणाला, "काका, टेम्पो येतो अर्ध्या तासानं."

धोपाव्याहून गुहागरकडे निघालो तेव्हाची गोष्ट. पुढची सगळ्यात लहान चकती, मागची सगळ्यात मोठी, याच्याखाली सायकलमध्ये गिअर नाहीत. पाय शिवणयंत्रासारखे फिरताहेत, सायकल मात्र जागच्या जागी विचार करतेय. मागून एक आजी आल्या. डोक्यावर गवताचा भारा, नऊवारीचा काचा मारलेला, पायात काही नाही. त्या माझ्या शेजारी आल्या आणि बरोबरीनं चालू लागल्या. चौकशी सुरू झाली. "कुठनं आलाव?" पुण्याहून. "एकटेच?" नाही, बाकीचे पुढे गेले. "मुलंबाळं?" एक मुलगी. मला प्रत्येक उत्तराला दोन श्वास लागत होते, त्यांना प्रश्नाला एकही लागत नव्हता. मग माझी कणव येऊन त्या म्हणाल्या, "मग बसा की सायकलीवर, चालताव कशाला?"

मी बसलेलोच होतो.

"आजी, मी बसलोय," म्हणालो. त्यांनी भाऱ्याखालून नीट निरखून पाहिलं, "अगो बाई, हो की," म्हणाल्या आणि घरी चूल पेटवायची असल्यामुळे पुढे निघून गेल्या. वळणावर त्यांनी माझ्यासाठी थोडं थांबल्यासारखं केलं. पण किती वेळ थांबणार.

या सगळ्यात एकच सुख आहे आणि ते म्हणजे फेरीबोट. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. खाडीवर पूल नाही म्हणून माझ्याइतका आनंद आजवर कोणाला झाला नसेल. बोटीचं फाळकं खडखडत उताराला टेकतं, गाड्या चढतात, आपण सायकल कठड्याला टेकवायची आणि स्वतःलाही टेकवायचं. दहा-पंधरा मिनिटं पाय न हलवता प्रवास होतो आणि तोही संपूर्ण सपाट. आता या खाड्यांवर मोठे पूल होणार आहेत. लोकांची सोय होईल, अॅम्ब्युलन्स वेळेत पोचेल, चांगलंच आहे. पण पूल झाला तर मधे चढ असणार हे मी आत्ताच सांगून ठेवतो.

जेवणाचं तंत्रही शिकून घ्यावं लागतं. आमचा हिशोब असा की ऐंशी किलोमीटर सायकल मारल्यावर माणसाला सुरमईचा हक्क प्राप्त होतो. दुपारी दीडला 'घरगुती जेवणाची उत्तम सोय' अशा पाटीखाली आम्ही सहाजण घामाघूम उभे. आतून एक गृहस्थ बनियनवर आले. आमच्याकडे पाहून त्यांना दुःख झालेलं दिसलं, पण ते आमच्यासाठी नव्हतं, मोडलेल्या झोपेसाठी होतं. "सकाळी फोन केला असतात तर…" एवढं बोलून ते थांबले. ते वाक्य कोकणात पूर्ण करायची पद्धत नाही. मग घरातून आवाज आला, "अहो, बसवा त्यांना, भात टाकते." अर्ध्या तासानं कुळथाचं पिठलं, वाफाळता भात, पोह्याचा पापड आणि सोलकढी. म्होरक्यानं चार वेळा भात घेतला आणि यात प्रोटीन किती असेल ते मोबाईलवर शोधत बसला. मी शोधलं नाही. मला सुरमईची आठवण फक्त सोलकढीच्या तिसऱ्या वाटीपर्यंत येत होती.

आमच्या पोशाखाबद्दलही थोडं बोललं पाहिजे. सायकलवाल्यांची चड्डी ही काळी, घट्ट आणि बुडाशी गादी शिवलेली असते. सीटवर तिचे उपकार फार. पण सीटवरून उतरलं की तीच चड्डी घालून चारचौघांत चालावं लागतं. हेदवीच्या दशभुज गणपतीला आम्ही ओळीनं आत शिरलो तेव्हा एका वयस्क गृहस्थांनी जप थांबवून आमची पाठमोरी रांग शेवटपर्यंत पाहिली. मग हळूच विचारलं, "हे काय, सोवळ्याचं नवीन निघालंय का?"

गणपतीपुळ्याहून रत्नागिरीकडे येताना आरे-वारेचा चढ लागतो. वर एका ठिकाणाहून दोन्ही किनारे एकदम दिसतात आणि सगळा महाराष्ट्र तिथे गाडी उभी करून फोटो काढतो. मी पोचलो तेव्हा कानात ढोल वाजत होता. सायकल कठड्याला लावली, हेल्मेट काढलं आणि आता समुद्र बघायचाच, असा निश्चय करून तोंड वळवलं तोच मागून आवाज आला, "काका, सायकल जरा देता? फोटोपुरती."

एक प्रशस्त कुटुंब होतं. एसीतून नुकतंच उतरलेलं, इस्त्रीसकट. मी हो म्हणायच्या आत मुलगा सीटवर बसलाही होता. वडिलांनी माझं हेल्मेट त्याच्या डोक्यावर ठेवलं, त्यानं "ओलं आहे" म्हणून तोंड वाकडं केलं. "असू दे, तसंच पाहिजे. जरा धापा टाक, खरं वाटेल," असं दिग्दर्शन झालं. मग आईला फोटोत यायचं होतं, मग आजीला, मग वडिलांनाच, तेव्हा मोबाईल आपोआप माझ्या हातात आला.

"समुद्र पूर्ण येऊ द्या हं काका."

मी दोन पावलं मागे गेलो. पडद्यावर खाली पांढरी रेघ, तिच्यावर निळं, त्याच्यावर फिकं निळं, सगळं अगदी जागच्या जागी होतं. फोटो काढून मोबाईल परत दिला. त्यांनी बोटांनी मोठा करून आधी स्वतःचे चेहरे पाहिले, मग म्हणाले, "आणखी एक आडवा घ्या, आणि ती तुमची सावली येतेय, जरा बाजूला व्हा."