खेड्यात इंग्रजीच्या शिक्षकाची गरज संपली म्हणता?

आमच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या ग्रुपवर एक मजकूर पुन्हा पुन्हा येतो: “आता खेड्यात इंग्रजीचा शिक्षक कशाला? शहरातला उत्तम शिक्षक मोबाइलवर मिळतो, खर्च नगण्य, आणि पडद्यासमोर मुलं लाजत नाहीत.” मी यवतमाळ जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पालक हे खरं मानू लागलेत, म्हणून उत्तर देते.

आधी उत्तम शिक्षकाचं बघू. चौथीतली एक मुलगी ‘फॅन’ म्हणताना दोन्ही ओठ मिटायची, आपल्या ‘फळ’सारखे. इंग्रजीतल्या त्या अक्षराला वरचे दात खालच्या ओठावर टेकतात. मी तिच्यासमोर उकिडवी बसले, माझा ओठ दाखवला, तिचा हात माझ्या तोंडासमोर धरला. हवा कशी घासत बाहेर येते ते तिला तळव्यावर कळलं. चौथ्या खेपेला जमलं. मोबाइलवरच्या शिक्षकाला तिचे ओठ दिसले असते का? डेटा वाचवायला कॅमेरा बंद असतो. आवाजाचंही तेच. एफ आणि एस यांतला फरक बराचसा उंच कंपनांमध्ये असतो. जुन्या टेलिफोनवर साधारण 3400 हर्ट्‌झच्या वरचा आवाज जातच नसे, म्हणून फोनवर स्पेलिंग सांगताना ही दोन अक्षरं हमखास चुकत. रेंज कमी असली की आजही आवाज असाच दाबला जातो.

आणि आमच्या वर्गात कोलाम पोडावरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची मुलं आहेत. घरी कोलामी बोलतात, मराठी त्यांना शाळेत भेटते. शहरातला शिक्षक इंग्रजी शब्दाचा अर्थ मराठीत सांगणार, म्हणजे एका परक्या भाषेतून दुसरी परकी भाषा. मी ‘सीड’ म्हणताना मुलाच्या हातावर सरकी ठेवते. मग अर्थ सांगावा लागत नाही.

खर्च नगण्य? 2020 साली शाळा बंद होत्या तेव्हा ऑनलाइन तास घेतले. घरात तीन लेकरं, फोन एक. “मॅडम, मोबाइल तं बाबानं वावरात नेला,” हे मी रोज ऐकलं. झूमवर फुकटात 40 मिनिटं मिळायची, त्यातली दहा “आवाज येते का?” यातच जायची.

मुलं लाजत नाहीत हे खरं, पण बोलतही नाहीत. माइक बंद करून तासभर बसता येतं. वर्गात मी बाजार मांडते, एकीकडे कांदे, एकीकडे खोटे पैसे. गिऱ्हाईक समोर उभं असलं की “हाउ मच?” विचारावंच लागतं, आणि लाज त्या घाईत विसरली जाते.

ऑनलाइन शिक्षण मी टाकाऊ म्हणत नाही. वेगवेगळे उच्चार ऐकवायला मीही व्हिडिओ लावते. ज्याचा पाया झालाय त्याला त्याचा फार उपयोग आहे. पण राज्यात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, आणि पहिलीच्या लेकराला पाया घालून द्यायला माणूसच लागतो. शिक्षकाची जागा रिकामी असेल तर पालकांनी ती भरून मागावी.

गावातली एक पदवीधर मुलगी नागपूरच्या मुलाखतीसाठी रोज मोबाइलवर वर्ग करते. तिचं व्याकरण सुधारलंय. तरी रविवारी ती माझ्या ओसरीवर येऊन बसते, तासभर इंग्रजीत बोलायला.