हिल्सबरोचं कोर्ट आणि अण्णांचे बूट

आज डॅलसहून ऑस्टिनजवळच्या राउंड रॉकला परत येताना टेक्ससमधल्याच हिल्सबरोला थांबलो. नेहमीसारखं, पाय मोकळे करायला. मी म्हटलं, आलोच आहोत तर कोर्टाला एक चक्कर मारू. मागच्या सीटवरचा मित्र (वाचतोयस, माहितीये मला) काचेतून वर बघत म्हणाला, "हे जळालं होतं ना मधे? मग परत तसंच्या तसं कशाला बांधलं? पाडायचं, मस्त काचेचं नवीन करायचं. पार्किंगही झालं असतं."

पार्किंग!

गाडीत गप्प बसलो. अजून पावणेदोन तास एकत्र जायचं होतं. म्हणून आता इथे लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आय-पस्तीस हा हमरस्ता जिथे डॅलसकडे एक आणि फोर्टवर्थकडे एक असा फुटतो, तिथलं हे गाव. हिल काउंटीचं मुख्य ठिकाण. आपल्याकडचं तालुक्याचं गाव समजा. आपण तिथे थांबतो ते आउटलेट मॉलपुरते, नाहीतर थेट पुढे वेस्ट नावाच्या गावी कोलाचे, म्हणजे चेक पद्धतीचे गोड पाव खायला. पण हमरस्ता सोडून जरा आत शिरलं की चौकाच्या मधोमध चुनखडीच्या दगडातलं तीन मजली कोर्ट आहे, वर घड्याळाचा मनोरा. 1890 चं. आराखडा वेकोच्या डब्ल्यू. सी. डॉडसनचा. वेदरफर्ड, ग्रॅनबरी आणि डेंटनची कोर्टंही त्याचीच. डेंटनला ज्यांची मुलं शिकतात त्यांनी त्याच्यासमोर फोटोसुद्धा काढलेत, फेसबुकवरच आहेत.

2013 च्या जूनमध्ये अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना घेऊन मी इथे आलो होतो. अण्णा चौतीस वर्षं तालुक्याच्या कोर्टात बेलीफ. सायकलवरून गावोगाव समन्स बजावत फिरलेला माणूस. रविवार होता, कोर्ट बंद. मी फोटो काढत होतो. वळून बघतो तर अण्णा पायरीपाशी वाकून बुटाच्या नाड्या सोडतायत. मीच घेऊन दिलेले पांढरे स्पोर्ट्स शूज. मी जवळजवळ ओरडलोच, "अण्णा, इथे बूट काढत नाही कुणी! लोक बघतायत." लोक म्हणजे कुत्रं फिरवणारी एक बाई. अण्णांनी मोजेही काढले, पायऱ्या चढून वर गेले, बंद दाराला हात लावला आणि खाली आले. एक शब्द नाही.

तर मित्रा, "कशाला बांधलं" ते सांगतो.

1853 साली ही काउंटी झाली तेव्हा कोर्ट म्हणजे लाकडी ओंडक्यांचं खोपट होतं. मग 1881 ला टेक्ससनं कायदा केला की काउंट्यांनी रोखे काढून कोर्टं बांधावीत, आणि इथल्या काउंट्यांमध्ये चढाओढ लागली. शेजारच्यानं मनोरा केला की आपला त्याहून उंच. हसू येतं, पण गावागावांत देवळाच्या कळसावरून आपण वेगळं काय करतो? पैसा कुठला? कापसाचा. ती सगळी जमीन काळी. अण्णांनी रस्त्याच्या कडेची माती बोटांत चुरडून बघितली होती, म्हणाले, "ही तर आपलीच काळी की रे. पावसात पाय उचलू देणार नाही." कापूस पिकवणाऱ्या, स्वतः लाकडाच्या घरात राहणाऱ्या लोकांनी कर्ज डोक्यावर घेऊन गावातली सगळ्यात देखणी इमारत बांधली, आणि ती कुणा जमीनदाराची हवेली नव्हती. जमिनीची खरेदीखतं, लग्नाचा परवाना, वारसाच्या नोंदी, खुनाचा खटला, सगळं तिथे. हे मला भारी वाटतं. तुम्हाला वाटत नसेल तर आपली मैत्री का आहे हेच मला कळत नाही.

1 जानेवारी 1993 ला ती जळाली. मनोरा आत कोसळला, दगडी भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या. आठ हजार वस्तीचं गाव. पाडायला तेव्हाच निमित्त होतं, मित्रा, तुझ्यासारखे सल्लागार तिथेही असणारच. पण लोकांनी पैसे जमवले. शेजारच्या ॲबटचा, याच काउंटीत जन्मलेला विली नेल्सन मदतीसाठी गायला. 1999 ला कोर्ट मनोऱ्यासकट पुन्हा उघडलं.

हे अण्णांना सांगितलं तेव्हा ते बूट घालत होते. नाडी हातात धरून थांबले. "गाणारा? म्हणजे शाहिरानं कोर्ट उभं केलं म्हण की!" मग हसले. "आमच्याकडं तमाशावाले कोर्टात यायचे ते तारखेला."

या आगीनंतर अख्ख्या राज्याचं लक्ष आपल्या जुन्या कोर्टांकडे गेलं असं माझं मत आहे. 1998 ला टेक्ससची कोर्टं देशातल्या धोक्यात आलेल्या वारशाच्या यादीत गेली, आणि 1999 पासून राज्य सरकार त्यांच्या दुरुस्तीला अनुदान देतं. 254 काउंट्या आहेत. तेव्हाचा गव्हर्नर जॉर्ज बुश. हो, तोच. त्याच्याबद्दल चांगलं बोलायची माझी ही पहिली आणि शेवटची वेळ.

खर्च प्रचंड होतो, मान्य. आणि देखण्या कोर्टात न्यायच होतो असंही नाही. शेजारच्या वेकोत 1916 साली जेसी वॉशिंग्टन नावाच्या सतरा वर्षांच्या काळ्या मुलाला निकाल लागताच कोर्टातून ओढून नेलं आणि हजारोंच्या गर्दीसमोर जाळलं. त्या कोर्टाचा घुमटही सुंदर आहे. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

चहा करून आलो. जरा निवलोय.

खरं सांगायचं तर मित्रावर मी एवढा चिडलो ते हिल्सबरोमुळे नाहीच बहुतेक. अण्णांचं कोर्ट, कौलारू छपराचं, लाकडी जिन्याचं, अण्णा अमेरिकेला येण्याच्या आदल्याच वर्षी पाडलं होतं. नवीन इमारतीत पक्षकारांना बसायला बाकं आहेत, बायकांसाठी स्वच्छतागृह आहे. जुन्यात काहीच नव्हतं. बरं, तेही मान्य. पण एका पावसाळ्यात तिथलं छप्पर गळायला लागलं तेव्हा अण्णा आणि एक पट्टेवाला रात्रभर लाल फडक्यातली दप्तरं एका खोलीतून दुसरीत हलवत होते. पहाटे घरी आले तेव्हा धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाचं. आईनं विचारलं तर म्हणाले, "लोकांच्या जमिनी होत्या त्यात."

जेसीबी आला त्या दिवशी ते सकाळपासून समोरच्या चहाच्या टपरीवर बसून होते. हे मला आईनं फोनवर सांगितलं होतं. मी "अच्छा" म्हणून विषय बदलला होता. माझी मीटिंग होती.

साहेबांच्या कोर्टात शिरताना बाहेर वहाणा काढायची त्यांची सवय होती. बारा वर्षं मी ही गोष्ट पार्ट्यांमध्ये गंमत म्हणून सांगत आलोय, की आमच्या अण्णांनी टेक्ससमध्ये कोर्टासमोर बूट काढले. हशा येतो. आज मित्र पार्किंग म्हणाला तेव्हा पहिल्यांदा त्या टपरीची आणि त्या पायऱ्यांची सांगड लागली. अण्णा जाऊन आता चार वर्षं झाली.

मित्रा, राग धरू नकोस. पेट्रोलचे पैसे तूच दिलेस, थँक्स.

बाकीच्यांनो, डॅलसला जाल तेव्हा ती एक्झिट घ्या. शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी, रविवारी बंद असतं. बूट मात्र काढू नका. जूनमध्ये त्या पायऱ्या फार तापतात, अण्णांच्या तळव्यांना फोड आले होते आणि ते ऑस्टिनपर्यंत त्याबद्दल बोलले नव्हते.