ताटाचं नको, सातबाऱ्याचं लिवा

१ डिसेंबरला, एड्स दिनाला, लाल रिबिनीचे फोटो सगळ्या ग्रुपवर फिरतात ना, तर यावेळी मलाही वाटलं आपण काहीतरी लिहावं, आणि मी बसून एक पोस्ट लिहिली. आमच्या वहिनीचं ताट-वाटी कशी वेगळी ठेवायचे, ती मोरीच्या कोपऱ्यात एकटी कशी जेवायची असं सगळं. टाकायच्या आधी म्हटलं तिला फोनवर वाचून दाखवू. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "वन्सं, ताटाचं काय लिवताय, ताट मी कवाच इसरले. सातबाऱ्याचं लिवा."

म्हणून ती पोस्ट डिलीट केली आणि आता ही लिहितेय. तिला विचारून लिहितेय. गावाचं नाव नाही, माणसांची पण नाहीत.

आमचं आजोळ विट्याच्या पलीकडं. खानापूर आटपाडीकडचा भाग, पाऊस नाही म्हणून घरटी एक तरी माणूस गलाईला. सोनं-चांदी गाळायचं काम, भारतात कुठंही जा, आपल्याकडचा माणूस भट्टीजवळ बसलेला सापडतो. मामाचा थोरला, म्हणजे दादा, दक्षिणेत एका दुकानावर होता, वर्षातून दोनदाच यायचा, यात्रेला आणि दिवाळीला. (गलाईवाल्यांना नावं ठेवत नाहीये बरं का, आमचं अर्धं घराणं त्याच्यावरच जगलंय. वर्षाचे अकरा महिने घर सोडून राहणारा माणूस मग तो ट्रकवर असो नाहीतर आणि कुठं, त्याचं जे होऊ शकतं ते याचं झालं.)

२००६ ला वहिनीला दिवस गेले. गरोदर बाईचं सरकारी दवाखान्यात पहिल्यांदा रक्त घेतात त्यातच एचआयव्हीची पण टेस्ट होते. पॉझिटिव्ह आली. आणि तो रिपोर्ट तिच्याआधी सांगितला कुणाला, तर बाहेर बाकावर बसलेल्या मामीला. झालं, चार दिवसात गावाला कळलं. दादाची टेस्ट कधी झाली म्हणाल तर बारसं उरकल्यावर, ते पण वहिनीच्या भावानं गळ्यात पडून नेला तेव्हा. म्हणजे मधे सहा-सात महिने घरात पॉझिटिव्ह माणूस एकच होतं, ती. आणि गावाचा हिशोब सरळ असतो, ज्याची टेस्ट आधी त्याला रोग आधी. हिनंच आणलं. अठरा-एकोणीस वर्षाची पोरगी, माहेर आणि सासर सोडून तिसरं गाव बघितलेलं नाही, तिनं कुठनं आणलं हे कुणी विचारलं नाही, मी पण नाही.

मला या गोष्टीची जास्त चीड येते. बाईची टेस्ट करतात ते चांगल्यासाठीच, बाळ वाचावं म्हणून, आणि वाचलं पण. बाळंतपणाला एका खाजगी दवाखान्यानं ऐन वेळेला हात वर केले, मग सिव्हिलला झाली, कळा सुरू झाल्यावर तिला नेव्हिरॅपिनची गोळी दिली आणि जन्मल्यावर बाळाला त्याचंच औषध पाजलं. अठरा महिन्यांनी पोरीची टेस्ट निगेटिव्ह आली. पण ज्या टेस्टमुळं पोरगी वाचली त्याच टेस्टनं आईला गुन्हेगार केलं, कारण पुरुषाला दिवस जात नाहीत ना, मग त्याची टेस्ट कोण करणार. बहुतेक लग्नाच्या बायकांना हे नवऱ्याकडनंच आलेलं असतं, पण सापडते आधी बायको.

दादा २००९ ला गेला. एचआयव्हीवरची एआरटीची औषधं २००४ च्या एप्रिलपासून सरकारी सेंटरवर फुकट मिळत होती, पण आपल्याकडचं कोण दिसलं तर म्हणून हा त्या लायनीत उभाच राहिला नाही, कुठल्यातरी बाबाच्या पुड्या खात बसला. वहिनी मात्र एसटीनं जायची. दाताला जाते म्हणून सांगायची, येताना डबीवरचं लेबल सोलून टाकायची आणि डबी ज्वारीच्या कणगीत. कुणी बघितलंच तर रक्तवाढीच्या गोळ्या. दादा गेल्यावर दारात आलेल्या प्रत्येकाला मामी सांगत होती, कावीळ झाली हो, कावीळ. नवरा काविळीनं गेला आणि बायकोला एड्स. एकाच खोलीतल्या एकाच आजाराची दोन नावं.

आता सातबारा.

मामा आधीच वारला होता, जमीन मामी आणि दोन्ही पोरांच्या नावावर. कोरडवाहू माळ, त्यात कुसळं सुद्धा धड येत नव्हती, कुणाला पडली होती? मग टेंभूचं पाणी आलं. कृष्णेचं पाणी कऱ्हाडजवळनं उचलून टप्प्याटप्प्यानं वर आमच्या माळाला, आम्हाला पण खरं वाटलं नव्हतं. शेजारच्यांनी डाळिंबं लावली, एकरचे भाव कुठल्या कुठं गेले. आणि नेमकं तेव्हाच धाकट्या दादाला आठवलं की वहिनी आजारी आहे. इतकी वर्षं गोठ्याशेजारच्या खोलीत पडून होती तेव्हा नाही आठवलं. स्टॅम्प पेपर घेऊन आला, हक्कसोड, म्हणजे जमिनीवरचा हक्क सोडल्याचा कागद. म्हणाला, तू काय आज हायस उद्या न्हाईस, पोरीचं आमी बघतो, सही कर. मामी शेजारी बसून डोळ्याला पदर लावत होती.

वहिनीनं सही केली नाही. मला विचाराल तर या सगळ्या गोष्टीतलं सगळ्यात धाडसाचं काम हेच. गोळ्यांच्या लायनीत भेटलेल्या एका बाईनं तिला आधीच सांगून ठेवलं होतं की काहीपण झालं तरी कागदावर अंगठा उठवायचा नाही. मृत्युपत्र नसेल तर नवऱ्याच्या हिश्शात बायको, लेकरं आणि त्याची आई सारखे वारस, १९५६ चा कायदा आहे हा, त्यात आजाराचा शब्द सुद्धा नाही. तलाठ्याकडं किती चकरा मारल्या ते तिलाच विचारा. वारस नोंदीचा फेरफार व्हायला दोन वर्षं गेली, मधे हरकत घेतली, मधे कुणीतरी म्हणालं "अशा बाईला जमीन कशाला". अशा म्हणजे कशा?

म्हणून म्हणते, आपण या आजाराबद्दल बोलताना अज्ञान अज्ञान करतो ना, मला ते अर्धंच पटतं. शिवल्यानं होत नाही हे धाकट्या दादाला चांगलं माहीत होतं, बारावी सायन्स आहे तो. त्याला भीती नव्हती, हिशोब होता. वेगळं ताट लावलेली बाई वाटणीच्या बैठकीला येऊन बसत नाही.

२०१७ चा एचआयव्हीचा कायदा २०१८ च्या सप्टेंबरपासून लागू आहे. राहत्या घरातनं अशा माणसाला काढता येत नाही, त्याला न विचारता त्याचा रिपोर्ट दुसऱ्याला सांगता येत नाही. म्हणजे बाकावरच्या मामीला ते सांगणं आज कायद्याविरुद्ध ठरलं असतं. औषधाचं पण बदललं, तेव्हा सीडी फोर, म्हणजे रक्तातल्या प्रतिकार करणाऱ्या पेशी, खाली आल्याशिवाय सुरू करत नसत, २०१७ पासून पॉझिटिव्ह आलं की लगेच. आता बहुतेकांना दिवसाला एकच गोळी. नियमित घेतली आणि व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणू, सापडणारच नाही इतका खाली राहिला तर संबंधातनं दुसऱ्याला लागत पण नाही. हे किती जणांना माहितीय? आमच्या ऑफिसात विचारलं तर डिग्रीवाले पण गप्प.

अजून एक, रागवायचं असेल तर रागवा. आपल्या सांगलीतच गोकुळनगर या वेश्यावस्तीतल्या बायकांमध्ये संग्राम ही संस्था १९९२ पासून काम करते, त्यातनंच पुढं १९९६ ला धंदा करणाऱ्या बायकांची स्वतःची वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली. त्या बायका एकमेकींना कंडोम वाटायच्या आणि गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायला शिकल्या, नाही तर चालू लाग. आमच्या वहिनीला यात्रेला आलेल्या नवऱ्याला हे म्हणता आलं असतं? म्हटलं असतं तर तिलाच विचारलं असतं, तुला हे कुणी शिकवलं.

आणि मी. मी किती शहाणी ते पण सांगते. दादाच्या दहाव्याला गेले होते तेव्हा वहिनीनं चहा आणला, मी म्हटलं आत्ताच झाला. झाला नव्हता. तिनं कप परत नेला आणि काही बोलली नाही. परवा फोनवर ते काढलं तर हसली, म्हणाली, "लई जणांचा आत्ताच झालेला असायचा तवा."

आता वहिनीच्या दीड एकरात डाळिंब आहे, गोळी रात्री नऊला, मोबाईलला अलार्म, डबी देवळीत उघड्यावर. पोरगी विट्याला कॉलेजला आहे. मागच्या महिन्यात न बोलावता एक स्थळ आलं, बघून गेले, पसंत आहे म्हणाले, मग मध्यस्थाचा फोन, "तेवढा मुलीचा एचआयव्हीचा रिपोर्ट मिळाला असता तर." कुणी कानाला लागलं असणार ते आम्हाला माहितीय. मी म्हटलं देऊन टाक की, निगेटिव्ह तर आहे. वहिनी म्हणाली, "देतो की. आदी पोराचा आणा म्हणावं."

अजून त्यांचा फोन आलेला नाही. पोरगी म्हणते बरं झालं, सेमिस्टर तोंडावर आलंय.