“जाड मॅट लावा अन् विसरून जा” म्हणे!

तलाववाल्या ग्रुपांवर तो मेसेज पुन्हा फिरून राहिला: “फायबरची बोट फुटली तर सगळ्यात जाड मॅट आणा, एकच थर द्या, रेझिन कोणतंही चालते, विणलेला कपडा म्हणजे फुकटचा खर्च.” मॅट म्हणजे काचेच्या धाग्यांची चादर, अन् रेझिन म्हणजे तिला भिजवून मंग कडक होणारं चिकट द्रव. राजेहो, मागच्या वर्षी मी हेच केलं होतं. गोसेखुर्द धरणाच्या पाण्यात बुडालेल्या झाडाचा खुंट लागला, बोटीच्या बुडाला भोक पडलं, अन् महिनाभरात तो पॅच खपलीसारखा हातात आला.

रेझिन कोणतंही चालते, हे तर सगळ्यात खोटं. मॅटमधले तुकडे-तुकडे धागे एका बाइंडरनं चिकटवलेले असतात, अन् तो विरघळते पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीन नावाच्या द्रवानं. इपॉक्सी या दुसऱ्या रेझिनात स्टायरीन नसतेच. मी आणलं होतं इपॉक्सी, ब्रश मारू मारू हात दुखला पण मॅट आपली पापडासारखी कडक, मधामधात पांढरे डाग. पॉलिएस्टर लावलं की तीच मॅट काही मिनिटांत ओल्या चिंधीसारखी लेचीपेची होऊन वळणावर बसते. इपॉक्सीच वापरायचं असंन तर विणलेला कपडाच घ्या. लाकडी डोंग्याला मात्र इपॉक्सीच बरं, लाकडावर पॉलिएस्टर नीट धरत नाही.

आता जाडी. 300, 450, 600 हे जे आकडे दुकानदार सांगते ते एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन आहे, ताकद नाही. एक किलो मॅटला दोन-अडीच किलो रेझिन लागते, विणलेल्या रोविंगला, म्हणजे काचेच्या लांब धाग्यांच्या जाड कपड्याला, जवळपास वजनाइतकंच. म्हणजे नुसत्या मॅटच्या जाड पॅचमध्ये काच कमी अन् रेझिनच जास्त, अन् जोर तर काचेच्या लांब धाग्यात असते बाप्पा! पण मेसेजवाला अर्धा बरोबरबी आहे, मॅट लागतेच, कारण रोविंगवर थेट रोविंग नीट धरत नाही, म्हणून 450 ची मॅट, मंग रोविंग, मंग पुन्हा मॅट, अन् प्रत्येक थरातली हवा रोलरनं काढायची.

एकच थर भोकावर चिकटवून द्या म्हणते, पण कडा घासायचं नावच नाही. ग्राइंडरनं जाडीच्या बारापट उतार काढावा लागते, 5 मिमीचं बूड असंन तर भोकाच्या चारही बाजूनं 60 मिमी.

खाली एकानं लिहिलं, स्लॅबच्या वॉटरप्रूफिंगची जाळी लावा. काहून? ती मोठ्या भोकांची जाळी प्लास्टर अन् कोटिंगसाठी असते, बोटीसाठी नाही.

हार्डनर, म्हणजे रेझिन कडक करणारं रसायन, शंभर ग्रॅम पॉलिएस्टर रेझिनला एक-दोन ग्रॅम, अन् मे महिन्यात काम सकाळीच उरकायचं, नाहीतर डब्यातच जेली होते. कडक व्हायचा वेग वाढवणारं कोबाल्ट वेगळं आणलं असंन तर ते आधी रेझिनमध्ये ढवळा, हार्डनरमध्ये थेट कधीच टाकू नका, भडका उडते.

माझी बोट सध्या आंब्याखाली उपडी आहे. ते इपॉक्सी घासून काढून राहिलो, कारण त्याच्यावर पॉलिएस्टर धरत नाही.