पाऊस विकलात, मग ताडपत्री कुठे होती?

‘पावसाने घोळ केला हो!’ रविवारच्या हाफ मॅरेथॉनपासून आयोजकांच्या तोंडी हे एकच पालुपद आहे आणि दर वेळी ते ऐकून माझ्या डोक्यात तिडीक जाते. गोव्यात, जून महिन्यात, पावसाने घोळ केला? जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत इथे साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात तो दारात हजर होतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट आदल्या दिवशी सगळ्यांच्या मोबाइलवर आला होता. आणि मुळात पाऊस पोस्टरवर छापला कोणी? तुम्हीच! पहिल्या पावसात धावण्याची मजा म्हणून ही हाफ मॅरेथॉन विकलीत, माणशी हजारावर रुपये त्याच पावसाचे घेतलेत. मग त्या पावसासाठी साधी एक ताडपत्री तुमच्याकडे का नव्हती?

आमचा गट पावसाला भिणारा नाही. मे महिन्याच्या उकाड्यात, अंगातून घामाच्या धारा लागलेल्या असताना, पणजीत मिरामार ते दोनापावल पहाटे पळून आम्ही तयारी केली आहे. कोणी म्हापशाहून यायचा, कोणी फोंड्याहून. मित्राची बायको, आमची वहिनी, पन्नाशी ओलांडल्यावर पहिल्यांदा २१ किलोमीटर धावणार होती. शाळेची नोकरी, घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई, हे सगळं सांभाळून ती पहाटे बाहेर पडायची. तिच्या त्या मेहनतीची तुम्ही जी माती केलीत, ती मी विसरणार नाही.

सुरुवातच बघा. साडेपाचला कांपालहून निघायचं होतं. पाहुणे आले नाहीत म्हणून सहा वाजून गेले तरी आम्ही ओलेचिंब उभे. वॉर्म-अप करून तापवलेलं अंग वाऱ्यात पार गारठून गेलं. पाहुण्यांसाठी मात्र छत होतं, खुर्च्या होत्या, माइकवर प्लास्टिक होतं! त्या वेळी आमच्या बॅगा कुठे होत्या? उघड्या मैदानात, चिखलात, एकावर एक फेकलेल्या. कोरडे कपडे, मोबाइल, गाडीच्या किल्ल्या, सगळं त्यात. मित्राची बॅग परत मिळाली तेव्हा तळाशी बोटभर पाणी साचलं होतं, टॉवेल पिळून काढावा लागला आणि गाडीचा रिमोट बंद. बॅगा ठेवायला एक टेम्पो उभा करता येत नव्हता तुम्हाला?

दोनापावलपर्यंत ठीक होतं. खरा संताप चढ संपून विद्यापीठाच्या पठारावर आल्यानंतरचा. तिथून बांबोळीकडे जाताना सगळं उघडं, आडोसा नाही. आणि विजा सुरू झाल्या. वीज चमकल्यापासून तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर उघड्यावर थांबायचं नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही, हा साधा नियम आहे. आम्हाला दहा सेकंदसुद्धा मोजता येत नव्हते. शेकडो माणसं पठारावर पळताहेत आणि शर्यत थांबवायचा निर्णय घेणारा एकही माणूस तिथे नाही! शिकागो मॅरेथॉन २००७ साली उकाड्यामुळे मध्येच थांबवली होती. कोणाची अब्रू गेली त्यात? २०२१ साली चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत गारपीट आणि गोठवणारा वारा आला, १७२ धावपटूंपैकी २१ जण मेले. तिथली थंडी आपल्याकडे नाही, मान्य. पण विजेला गोवा आणि चीन कळतं का?

पाण्याचं तर बोलूच नका. परतीच्या वाटेवर एका टेबलावर कागदी कप एकमेकांना चिकटून लगदा झालेले, इलेक्ट्रालचं भांडं उघडं आणि त्यात पावसाचं पाणी पडतंय. पुढच्या टेबलावर कॉलेजची एक मुलगी एकटीच, दातावर दात आपटत, केळ्यांच्या खोक्यावर प्लास्टिक धरून उभी. वहिनीला म्हणाली, “काकी, पाणी संपलं. वरचे फोन उचलत नाहीत.” त्या पोरीवर माझा काडीचाही राग नाही. तिला रेनकोटही न देता रस्त्यावर उभी करणाऱ्यांवर आहे. नंतर आयोजकांपैकी एकजण मला वर तोंड करून सांगतो, पाऊस होता, पाणी कमी लागेल असं वाटलं. अरे, इथल्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता वाहत राहतो. पावसात तहान जाणवत नाही, पण अंगातलं पाणी आणि मीठ जातच असतं. पायात गोळे येऊन एक पोरगा रस्त्याच्या कडेला बसला होता, त्याला आम्ही आमच्याकडची मिठाची पुडी दिली. अँब्युलन्स? ती शेवटच्या रेषेपाशी, फोटोत दिसेल अशी उभी होती.

आणि मग सगळ्यात भयंकर. शर्यत उशिरा सुरू केलीत, पण रस्ता ठरल्या वेळेलाच वाहतुकीला खुला झाला. म्हणजे तुमच्या पाहुण्यांची वाट बघण्यात गेलेला वेळ मागच्या धावपटूंच्या आयुष्यातून कापलात! वहिनी, तिच्यासोबत मी आणि मागचे सगळे मिरामारच्या रस्त्यावर गाड्यांच्या मध्ये. कडेला गुडघ्याखाली पाणी, खालचं गटाराचं झाकण आहे की नाही ते दिसत नाही, म्हणून कडेने पळता येत नाही. मधून पळावं तर मागून बसचा हॉर्न. एक कार इतक्या जवळून गेली की वहिनी कोलमडलीच, मी दंडाला धरून ओढलं. तरीही ती थांबली नाही. मांड्या घासून सोललेल्या, बुटात पाणी, प्रत्येक पावलाला फोड चिरडतोय, पण पळत राहिली. तुम्ही ठरवलेल्या तीन तासांच्या मर्यादेच्या आत पळाली ती, माझ्या घड्याळात आहे.

शेवटच्या रेषेपाशी पोचलो तर कमान उतरवत होते. धावपटूंची वेळ नोंदवणारी टायमिंगची मॅट गुंडाळलेली. मेडल संपली. नोंदणी झालेल्या माणसांचे पैसे आगाऊ घेतलेत ना, मग मेडल संपतात कशी? संकेतस्थळावर वहिनीच्या नावापुढे ‘शर्यत पूर्ण केली नाही’ असं लिहिलंय. ते वाचून ती काही बोलली नाही, फोन उलटा ठेवला आणि स्वयंपाकघरात गेली. माझं रक्त उसळतंय ते यासाठी.

पैसे परत मागितले तर नियम दाखवतात, हवामानामुळे झालेल्या गैरसोयीला आयोजक जबाबदार नाहीत. बॅगा चिखलात टाकल्या त्या हवामानाने? फोन उचलले नाहीत ते हवामानाने? काल पुढच्या वर्षाच्या नोंदणीचा मेसेजही येऊन पडलाय, लवकर भरा, सवलत मिळवा म्हणून. आधी वहिनीची वेळ नोंदवा आणि तिचं मेडल तिच्या घरी नेऊन द्या. ते होईपर्यंत आमच्या गटातला एकही माणूस तुम्हाला दमडी देणार नाही, आणि जो जो मला विचारेल त्या प्रत्येकाला मी हे सगळं असंच्या असं सांगणार आहे.