आधी कागदाला फ्रेम, मग पिल्लू

जातिवंत कुत्रं घ्यायचं ठरलंय ना? मग आधी हॉलमधली भिंत ठरवा. पिल्लू काय, वर्षभरात वाढून जातं. कागद मात्र तस्साच राहतो.

कागद म्हणजे जातिवंत कुत्र्यांची नोंदवही ठेवणाऱ्या केनेल क्लब ऑफ इंडियाचं प्रमाणपत्र. थेट चेन्नईचं! त्यावर पिल्लाची जात, जन्मतारीख, कातडीखाली टोचलेल्या मायक्रोचिपचा नंबर आणि पूर्वजांची नावं असतात. आईबाप त्या वहीत नोंदलेले आहेत, एवढं तो कागद सांगतो. खुबे, डोळे, काळीज यांबद्दल अवाक्षर काढत नाही. अमेरिकन केनेल क्लब तर स्वतःच सांगतो की नोंदणी म्हणजे आरोग्याची हमी नव्हे. पण असलं बारीक अक्षर वाचायला तुम्ही काय गृहकर्ज घेताय?

विकणारा म्हणेल, "साहेब, डबल बोन आहे." लगेच मान डोलवा. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं सगळ्याच कुत्र्यांना असतात, आपल्या गल्लीतल्या मोत्यालाही, हे तिथे बोलायचं नाही. पिल्लाची आई दाखवा म्हणू नका. ती हमखास गावाला गेलेली असते. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकू नये असा २०१७ चा केंद्राचा नियम आहे, पण सहा आठवड्यांचं जास्त गोड दिसतं. "पेपर मागून कुरिअरने येतील" म्हणाला, तर पैसे मात्र आत्ताच द्या. आणि चिप स्कॅन करून नंबर ताडून बघायचा तर विषयच काढू नका. माणसाचं मन दुखावतं.

कागद आला की वंशावळ वाचा. माझ्या हातात आला तेव्हा मी चष्मा पुसून वाचला. वडिलांचे वडील चॅम्पियन. आईचे वडीलही चॅम्पियन. नाव तेच. मला वाटलं, टंकलेखकाची चूक. विकणाऱ्याला फोन केला, तर म्हणाला, "लाइन ब्रीडिंग आहे सर, म्हणून तर रेट जास्त." आमच्या घरात सगोत्र म्हणून दोन चांगली स्थळं नाकारली होती. इथे सावत्र बहीणभावांच्या लेकराला मी पेढे वाटून घरी आणलं.

आता जातीचं मानक. म्हणजे नाक किती, कान कुठे, शेपटीला वळण किती, हे ठरवून देणारं टिपण. केनेल क्लबांची सुरुवात १८७३ मध्ये लंडनला झाली, आणि पुढे नोंदवहीचं दार बाहेरच्या रक्ताला बहुतेक बंदच झालं. डाल्मेशियनची गोष्ट ऐका. या जातीच्या लघवीत यूरिक ॲसिड फार, त्यामुळे मूतखडे. १९७३ मध्ये रॉबर्ट शाइबल या अमेरिकन संशोधकाने एकदाच पॉइंटर जातीशी संकर केला आणि मग पुढच्या पिढ्या पुन्हा डाल्मेशियनशीच जुळवल्या. ठिपके तेच, ऐट तीच, खड्यांची भीती गेली. १९८१ मध्ये त्यांतल्या दोघांची अमेरिकन केनेल क्लबात नोंद झालीही. पण जातीच्या अभिमान्यांनी ओरड केली आणि दार पुन्हा लागलं ते २०११ पर्यंत. एका पूर्वजामुळे तीस वर्षं पंक्तीबाहेर! आपल्याला हे समजावून सांगायची गरज नाही.

पग घेणार असाल तर सर्वांत चपटं तोंड निवडा. कुत्रं धापा टाकून अंग गार करतं आणि त्यासाठी श्वासाची वाट मोकळी लागते, असं डॉक्टर लोक म्हणतात. म्हणू देत. नागपूरच्या मे महिन्यात तो घोरला की पाहुणे "किती क्यूट!" म्हणतात, ते बघा.

माझा लॅब्रॉडॉर चौदा महिन्यांचा झाला तेव्हा जिन्यावर मागचे दोन्ही पाय जुळवून सशासारख्या उड्या मारायला लागला. आम्ही व्हिडिओ काढून फॅमिली ग्रुपवर टाकला. चौपन्न हसऱ्या इमोजी आल्या. मग एक दिवस तो उठेचना. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. खुब्याचा गोळा वाटीत नीट बसतच नव्हता.

"याच्या आईबापांच्या खुब्यांचे एक्स-रे बघितले होते?"

मी फ्रेममधून काढून नेलेलं प्रमाणपत्र पुढे केलं. त्यांनी ते सगळं, शांतपणे वाचलं.

"अरे वा, आजोबा चॅम्पियन," म्हणाले. "जिना चढू-उतरू देऊ नका."

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही. चॅम्पियनचा बत्तीस किलोचा नातू रोज सकाळ-संध्याकाळ माझ्या कडेवरून खाली जातो.