मंचावला रामेन म्हणू नका

काल रात्री कोल्हापुरात राजारामपुरीत ४८० रुपये मोजून मंचाव सूप पिऊन आलो. कार्डावर नाव 'टोकियो रामेन', आणि रामेन म्हणजे जपानी नूडल्सचं सूप. चमचा घातला तर कॉर्नफ्लोरचा लगदा तार धरून वर आला! सोया सॉस ओतून काळाकुट्ट केलेला, आत हक्का नूडल्स मऊ पडून एकमेकींना चिकटलेल्या, वर ढबू मिरची आणि चायनीजच्या गाड्यावर टाकतात तसल्या तळलेल्या शेवया. अंडं इतकं उकडलेलं की बलकाभोवती हिरवी कड आलेली. सोबत आबा होते. जपानातल्या नागोयाहून परत आल्यापासून तीन वर्षं मी त्यांच्यापुढं रामेनचं कौतुक करतोय. त्यांनी दोन घोट घेतले आणि म्हणाले, "हे तर आपल्या कोपऱ्यावरचं मंचाव हाय की रं."

वेटरला विचारलं तर म्हणे, "सर, लोकांना असंच आवडतंय." मालक आला, तोही तेच. कुठल्या लोकांना? ज्या गावात पांढऱ्या रश्श्यासाठी मटणाचं अळणी पाणी आधी नीट काढतात, त्या गावाला चांगलं सूप कळणार नाही? रामेनचा सगळा जीव त्या सुपात असतो. हाडं तासन्‌तास उकळायची, नाहीतर कोंबू (समुद्रातलं शेवाळ) आणि सुकवलेल्या माशाची दाशी, म्हणजे त्यांचं चवदार पाणी काढायचं. काल नुसतं अजिनोमोटो लागत होतं. तेही जपानीच, १९०८ साली इकेदा नावाच्या रसायनशास्त्रज्ञांनी ती चव कोंबूच्या दाशीतूनच वेगळी काढली. पण म्हणून दाशीच्या जागी चिमूटभर पूड टाकून भागतं होय?

आणि ही काय पहिली वेळ नाही. मॅपवर 'जपानी' टाकलं की शाहूपुरीपासून ताराबाई पार्कापर्यंत ठिपकेच ठिपके. जाऊन बघावं तर मोमो. भिंतीवर प्लास्टिकची चेरीची फुलं, कागदी कंदील, बाहेर गाडी लावायला जागा नाही. पाच तारे देणाऱ्यांचे फोटो सगळे त्या भिंतीचे, ताटाचा एक नाही. दिवाळीत अशाच एका ठिकाणी सुशी घेतली होती. भात बासमतीचा! सुटा, मोकळा, फ्रीजमधनं काढलेला गारढोण. रोल उचलला की अर्धा ताटात. सुशीला आखूड दाण्याचा चिकट भात लागतो, त्यात व्हिनेगर, साखर, मीठ. जपानी तांदूळ महाग पडतो, मान्य. अरे, मग किराणा दुकानातनं इंद्रायणी आणा की! निदान चिकटून तरी राहील. वर मेयोनीज, वर शेजवान चटणी, आणि वासाबी या झणझणीत हिरव्या जपानी चटणीच्या जागी चक्क पुदिन्याची चटणी.

पुण्या-मुंबईत लाल तिखटात बुडवलेल्या भाजीला कुणी 'कोल्हापुरी' म्हटलं की आपण किती भडकतो! कांदा-खोबरं भाजावं लागतं, कांदा-लसूण चटणी घरची लागते, नुसतं तिखट टाकून कोल्हापुरी होत नाही, हे तावातावानं सांगतो. आणि आपल्याच गावात दुसऱ्याच्या जेवणाची ही दशा करतो. लाज वाटायला पाहिजे. नसेल जमत तर पाटीवर चायनीज लिहा, मी येऊन खाईन. पण जे येत नाही त्याचं नाव लावून पैसे घेऊ नका.

रात्री अकराला घरी आल्यावर आबांनी भाकरी दुधात कुस्करून खाल्ली आणि काही न बोलता झोपले. आता मी कितीही सांगितलं तरी त्यांच्यासाठी रामेन म्हणजे तेच काळं सूप.